बाहेरचं यंत्र

हायफाँगच्या सत्तेचाळीस नंबरच्या गल्लीत
आजवर एकसष्ट एसी बसवले मी.
पहिला न्याम शिंप्याकडे.
तेव्हा पोरं दाराशी चपला काढून, रांगेनं आत जाऊन
थंडीला हात लावून परत येत होती.

आता कोणी बघायला येत नाही.
फोन येतो : आज होईल का? आजच?

भिंतीला भोक, तांब्याची नळी,
आत पांढरं, गुळगुळीत, अबोल यंत्र.
बाहेर त्याचा थोरला भाऊ, राखाडी, घरघरता,
खोलीतला उकाडा उपसून
गल्लीच्या तोंडावर फुंकणारा.
गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठ करूनच सही करतं.

गल्ली केवढी? दोन मोटरसायकली
आरशाला आरसा घासत जातील एवढी.
जूनमधल्या एका रात्री शिडीवर थर्मामीटर धरला.
खाली छत्तीस, वर एकेचाळीस.
ज्याच्या खिडकीत शेजाऱ्याचा गरम वारा,
तो पुढच्या महिन्यात माझं गिऱ्हाईक.
म्हणजे माझा धंदा माझ्याच धंद्यावर चालतो.
बायकोला हे सांगितलं, तर म्हणाली,
मग कुरकुर कसली?

मध्ये एक परदेशी बाई आली, दुभाष्याला घेऊन,
कागदावर खुणा करत.
तुमच्या आईकडे किती वस्तू होत्या?
मी मोजल्या. लगेच मोजून झाल्या.
आणि तुमच्याकडे?
मोजता मोजता तिचा चहा निवला.
यातल्या कशावाचून भागेल तुमचं?
बाई, माझी आई चाळीस वर्षं भागवतच होती.
भागवणं आम्हाला कोणी शिकवू नये.
असं म्हणणार होतो.
पण दुभाष्या कोवळा पोरगा, घामानं निथळत होता.
त्याला पंख्याखाली बसवलं,
म्हटलं, लिही, कपाट.

आम्ही पाच भावंडं एका चटईवर निजायचो.
एकानं कूस बदलली
की पाचांनाही बदलावी लागायची.
थोरला हिएन झोपेतच सांगायचा, वळतोय रे.
आता पाचांना पाच गाद्या, पाच खोल्या, पाच रिमोट.
वळतो आम्ही अजून.
कोण कुणाच्या अंगावर, ते कळत नाही एवढंच.

तळमजल्यावर थोआ आजी, बर्फाचा चहा विकते.
तिच्या दारावर सात यंत्रं ठिबकतात.
तिनं तारेनं डबे टांगले, नळ्या जोडल्या,
सगळं पाणी एका पिंपात आणलं.
थर्माकोलच्या खोक्यांतली तिची कांद्याची पात
त्यावर पोसते.
थेंब माझे, म्हणते, वारा तुमचा तुम्हाला लखलाभ.

तिच्या नातवाला बाकनिनला मोबाईलच्या कारखान्यात
बढती मिळाली. त्यानं पैसे धाडले.
मागच्या मंगळवारी आजीचा फोन.
आजच होईल का, असं काही तिनं विचारलं नाही.
विचारलं,
वारा कुणाच्या अंगावर येईल?

एकसष्ट जणांत हे कुणी विचारलं नव्हतं.
शिडी लावली. भिंतीवर जागा एकच उरलेली.
समोर बघितलं,
दोरीवर माझाच शर्ट वाळत होता.

कुणाच्याच नाही, म्हटलं, आणि ड्रिल चालू केलं.
भोक पाडताना नेहमीसारखीच पांढरी भुकटी
पापण्यांवर बसली.
पैसे मोजून घेतले. सूट दिली, थोडी.

रात्री साडेदहाला खालून हाक आली,
गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद, तरी
कुणाला तरी ऐकू जावं अशी :
लावतेय रे!

मग घरघर. मग माझा पडदा हलला,
कुणाचा तरी गरम श्वास मानेवर आला.
अंधारात, सवयीनं,
मी कूस बदलली.